वरच्या मजल्यावरचे धुणे आणि खालच्या मजल्याचे हक्क

पावसाळा संपत आला की या सदराकडे वाळत घातलेल्या कपड्यांवरून झालेल्या भांडणांची पत्रे वाढतात. विषय किरकोळ वाटेल, पण ज्या घरात रोज सकाळी वरून पाणी ठिबकते त्या घराला तो किरकोळ नसतो. या वेळी अशीच काही पत्रे निवडली आहेत.

प्रश्न : आम्ही डोंबिवलीतील एका नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण संस्थेत पहिल्या मजल्यावर राहतो. आमच्या डोक्यावरच्या, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाने बाल्कनीच्या ग्रीलबाहेर भिंतीत लोखंडी अँगल ठोकून दोऱ्या बांधल्या आहेत. रोज सकाळी नीट न पिळलेले कपडे तिथे टाकतात. ते पाणी आमच्या वलणीवरच्या वाळत आलेल्या कपड्यांवर आणि कुंड्यांवर पडते. सासूबाईंचे सोवळे दोनदोनदा धुवावे लागते. चादरी आणि साड्या खालपर्यंत लोंबतात, त्यामुळे दुपारपर्यंत बाल्कनीत अंधार असतो. शिवाय आतले कपडे अगदी आमच्या हॉलच्या खिडकीसमोर येतात, पाहुण्यांपुढे संकोच वाटतो. बोलायला गेलो तर म्हणतात, ‘वीस-बावीस वर्षे इथेच वाळत घालतोय, आमची वहिवाट झाली आहे.’ सेक्रेटरी म्हणतात, हा तुमचा आपसातला मामला. ह्यांनी वैतागून फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकले, तर भांडण आणखी वाढले. दीर म्हणतात दोऱ्या कापून टाका, भाऊ म्हणतो पोलिसांत जा. आम्ही काय करावे?
– एक गृहिणी, डोंबिवली (पूर्व)

उत्तर : तुमच्या एका पत्रात पाच तक्रारी आहेत आणि कायद्याच्या नजरेत त्यांचे वजन सारखे नाही. त्या वेगळ्या केल्या नाहीत तर तुमची भक्कम तक्रारही कच्च्या तक्रारींच्या गर्दीत हरवेल. समोरचा वकील नेमका कच्च्या तक्रारीवर बोट ठेवतो.

आधी हे स्पष्ट करतो की बाल्कनीत कपडे वाळत घालणे हा घराचा नेहमीचा, रास्त वापर आहे. ते सरसकट बंद करा, असा हुकूम कोणतेही न्यायालय सहसा देणार नाही आणि तुम्ही तो मागूही नये. तक्रार हवी ती वाळत घालण्याच्या पद्धतीबद्दल.

तुमची सर्वांत बळकट बाजू पाण्याची आहे. आपल्या जागेतले पाणी रोज दुसऱ्याच्या जागेत पडू देणे आणि त्याने तिथल्या माणसांना घराचा नीट उपभोग घेता न येणे, याला दिवाणी कायद्यात खासगी उपद्रव म्हणतात. एखाद्या दिवशी चार थेंब पडले तर तो उपद्रव नव्हे. शेजार म्हटला की तेवढे सोसावे लागते. पण रोज, ठरावीक वेळी, सांगूनही पाणी पडत राहिले तर न्यायालय ते गांभीर्याने घेते. सहकारी संस्थांच्या आदर्श उपविधींतही इतर सभासदांना त्रास, उपद्रव किंवा गैरसोय होईल असे काही आपल्या सदनिकेत करू नये, असे बंधन सभासदावर घातलेले आहे. तुमच्या संस्थेच्या उपविधींची प्रत मागून घ्या आणि त्यातले नेमके कलम तक्रारीत लिहा. आवृत्तीनुसार क्रमांक बदलतात, म्हणून मी इथे क्रमांक देत नाही.

दुसरी बळकट बाजू अँगलची. तिच्याकडे तुमचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. इमारतीची बाहेरची भिंत कोणा एका सभासदाची नसते, ती संस्थेची असते. तिच्यात परवानगीशिवाय भोके पाडून लोखंड ठोकायचा अधिकार वरच्यांना नाही. त्या भोकांतून पावसाचे पाणी भिंतीत मुरते, प्लास्टर फुगते, आतल्या सळया गंजतात. उद्या अँगल निसटून खाली कोणाच्या डोक्यात पडला तर प्रकरण धुण्याचे राहत नाही. दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्या निष्काळजीपणाबद्दल भारतीय न्याय संहितेचे कलम १२५ लागू होऊ शकते. ‘आपसातला मामला’ या सेक्रेटरींच्या उत्तराला इथेच जवाब मिळतो. संस्थेच्या भिंतीची काळजी घेणे हे व्यवस्थापन समितीचेच काम आहे. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावे लागते. ज्या भिंतीसाठी सगळे सभासद ऑडिटचे पैसे भरतात, तिच्यावर रोज पाणी गळू द्यायचे आणि हात झटकायचे, हे समितीला शोभत नाही.

आता कच्च्या तक्रारी. अंधाराची तक्रार मी शेवटी ठेवीन. उजेड थोडा कमी होणे पुरेसे नसते. घरात वावरणे खरोखर अवघड व्हावे लागते, आणि काही तासांनी काढल्या जाणाऱ्या चादरींबाबत हे सिद्ध करणे कठीण आहे. मात्र लोंबणारी ओली साडी तुमच्या ग्रीलला, कपड्यांना घासत असेल तर ती गोष्ट पाण्याच्या तक्रारीत जरूर घाला.

आतले कपडे दिसतात, ही तक्रार कायद्याच्या दारात टिकणार नाही. तुमचा संकोच मला समजतो; पण खिडकीतून काय दिसावे यावर कायदा हक्क देत नाही. हे तत्त्व फार जुने आहे. १६१० मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम आल्ड्रेड नावाच्या माणसाने शेजाऱ्याने घराला लागून बांधलेल्या डुकरांच्या खुराड्याविरुद्ध दावा केला. दुर्गंधीबद्दल न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला, पण त्याच निकालात स्वच्छ हवा व उजेड वेगळा आणि खिडकीतून दिसणारा देखावा वेगळा, असा भेद केला. आपल्याकडेही विचार तोच आहे. तेव्हा ही गोष्ट तक्रारअर्जात लिहू नका. ती वरच्या घरातल्या वहिनींशी तुम्ही स्वतः, एकट्याने, चहा घेता घेता बोलण्याची आहे. आतले कपडे आतल्या दोरीवर घालायला बहुतेक घरे तयार असतात. चारचौघांत बोलले गेले की अडून बसतात.

सोवळ्याबद्दलही स्पष्ट लिहितो. सासूबाईंची श्रद्धा आदराची आहे, पण उपद्रव मोजताना न्यायालय सर्वसाधारण माणसाला त्रास होतो का, हे पाहते. एखाद्याच्या विशेष नियमांना बाधा येते एवढ्याने उपद्रव होत नाही. म्हणून ‘सोवळे बाटते’ असे न लिहिता ‘धुतलेले कपडे पुन्हा ओले व मळके होतात, ते पुन्हा धुवावे लागतात’ असे लिहा. तेही खरेच आहे आणि ते कोणालाही पटेल.

वीस वर्षांची वहिवाट

वरच्यांनी सांगितलेली वीस वर्षे हवेतून आलेली नाहीत. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम १५ मध्ये वीस वर्षांची मुदत खरोखर आहे. दुसऱ्याच्या जागेवर एखादा वापर शांततेने, उघडपणे, हक्क म्हणून आणि खंड न पडता वीस वर्षे केला तर तो हक्क पक्का होऊ शकतो. जुन्या वाड्यांत एकाच्या छपराच्या पागोळ्या दुसऱ्याच्या अंगणात पडतात, त्या याच वाटेने हक्काच्या होतात.

पण तुमच्या बाबतीत हा दावा टिकेल असे मला वाटत नाही. अशा हक्कासाठी दोन स्वतंत्र मिळकती लागतात. तुमच्या प्रकारच्या संस्थेत जमीन आणि इमारत यांची मालकी संस्थेची असते आणि सभासद उपविधींच्या अधीन राहून सदनिका वापरतो. एकाच मालकाच्या इमारतीत एका सभासदाने दुसऱ्याच्या बाल्कनीवर पाणी गाळण्याचा हक्क कमावला, हे म्हणणे मुळातच अडखळते. उपविधी पाळण्याचे लेखी कबूल करून सभासद झालेल्या माणसाने उपविधी वीस वर्षे मोडले, म्हणून मोडण्याचा हक्क मिळाला, असेही होत नाही. शिवाय या काळात तुम्ही किंवा आधीच्या रहिवाशांनी हरकत घेतली असेल तर ‘शांततेने’ ही अटही गळते. जुने एखादे पत्र, सभेच्या इतिवृत्तातली नोंद सापडते का ते पाहा.

उशीर झाला म्हणूनही घाबरू नका. मुदतीच्या कायद्याचे (१९६३) कलम २२ सांगते की चालू राहणाऱ्या अपकृत्याची मुदत ते चालू असेपर्यंत नव्याने मोजली जाते. आज सकाळी पडलेले पाणी ही आजची तक्रार आहे.

कोणत्या दारातून जायचे

पहिली पायरी लेखी अर्जाची. सेक्रेटरींना तोंडी सांगितलेले कागदावर राहत नाही. अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. उपविधींनुसार अशी तक्रार समितीच्या सभेत ठेवून निर्णय तुम्हाला लेखी कळवायला हवा. वरचे लोक भाडेकरू असतील तर अर्जात सदनिकेच्या मूळ सभासदाचेही नाव घाला, कारण उपविधी पाळण्याची जबाबदारी त्याची आहे. समिती नोटीस काढू शकते, अँगल काढायला सांगू शकते आणि सर्वसाधारण सभेपुढे दंडाचा प्रस्ताव ठेवू शकते. आदर्श उपविधींत अशा दंडाला वर्षाला ५,००० रुपयांची कमाल मर्यादा आहे आणि सभासदाचे म्हणणे ऐकल्याशिवाय दंड करता येत नाही.

समिती गप्पच बसली तर उपनिबंधकांकडे तक्रार करता येते, पण ती समितीने काम केले नाही याबद्दल. उपनिबंधक शेजाऱ्याच्या दोऱ्या काढायला येणार नाहीत.

त्यापुढे न्यायालय. उपविधींची अंमलबजावणी आणि संस्थेच्या भिंतीचा प्रश्न असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९१ खाली संस्थेला पक्षकार करून सहकार न्यायालयात जाता येते. निव्वळ दोन शेजाऱ्यांतला उपद्रव आणि नुकसानभरपाई असेल तर तो दिवाणी न्यायालयाचा विषय. तिथे विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ३८ खाली कायमची मनाई मागता येते आणि कलम ३९ खाली अँगल काढून टाकण्याचा हुकूम. दार चुकले तर काही वर्षांनी ‘हा आमच्या अधिकारातला विषय नाही’ असे ऐकावे लागते, म्हणून दावा लिहिण्याआधी वकिलाला सगळे कागद दाखवा.

माझा सल्ला मात्र वेगळा आहे. अर्जानंतरही सुटले नाही तर दावा करण्यापूर्वी तालुका विधी सेवा समितीकडे दाखलपूर्व प्रकरण म्हणून अर्ज द्या आणि ते लोकअदालतीपुढे ठेवा. महिलांना मोफत विधी सहाय्य मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ मध्येच ते आहे. लोकअदालतीत झालेल्या तडजोडीला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते आणि तिच्यावर अपील नसते. ज्यांच्याशी रोज जिन्यात गाठ पडते, त्यांच्याविरुद्ध वर्षानुवर्षे तारखा घेण्यापेक्षा हे फार बरे.

तडजोडीत काय मागायचे तेही ठरवून जा. कपडे पूर्ण निथळल्याशिवाय किंवा मशीनमध्ये पिळल्याशिवाय बाहेर घालायचे नाहीत. अँगल काढून दोऱ्या ग्रीलच्या आत घ्यायच्या. हल्ली बाल्कनीच्या छताला टांगून दोरीने खालीवर करता येणारे स्टँड मिळतात, जागा तेवढीच लागते. चादरी-साड्या दुहेरी घडी करून घालायच्या किंवा गच्चीवर न्यायच्या. वाटल्यास स्टँडचा अर्धा खर्च तुम्ही देऊ करा. तुमची चूक आहे म्हणून नव्हे. त्यांना मान तुकवल्यासारखे न वाटता बदल करता यावा म्हणून.

पुरावा आतापासून जमवा, पण तो ग्रुपवर टाकण्यासाठी नाही. पाणी पडतानाचे व्हिडिओ, ओल्या भिंतीचे फोटो, तारखेनिशी. ज्या फोनवर काढले तो सांभाळा, कारण इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते. आणि तुमच्या यजमानांनी ग्रुपवरचे फोटो आजच काढून टाकावेत. दुसऱ्या घरातल्या बायकांचे कपडे चारशे डोळ्यांसमोर मांडणे चुकीचे आहे आणि त्यातून तुमच्याविरुद्धच बदनामीची तक्रार उभी राहू शकते.

दिरांचा सल्ला मुळीच ऐकू नका. दोरी कापणे, कपडे ओढून खाली टाकणे म्हणजे मालमत्तेची आगळीक. न्याय संहितेच्या कलम ३२४ खाली तो गुन्हा आहे. एका कात्रीने तुम्ही फिर्यादीच्या आरोपी व्हाल.

भावाचा सल्लाही या टप्प्यावर मानू नये. पोलिसांचा संबंध सार्वजनिक उपद्रवाशी येतो. ती व्याख्या न्याय संहितेच्या कलम २७० मध्ये आहे आणि तिच्यासाठी लोकांना किंवा आसपास राहणाऱ्यांना सर्वसाधारणपणे त्रास व्हावा लागतो. एका घराचा त्रास त्यात बसत नाही. तुम्ही गेलात तर फार तर अदखलपात्र तक्रार, म्हणजे एनसी, लिहून घेतील आणि तिचा तपास दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय करता येत नाही. भांडण हातघाईवर येईल असे पोलिसांना वाटले तर चॅप्टर केस होऊन शांतता राखण्याचे बंधपत्र दोन्ही घरांकडून मागितले जाऊ शकते. कोणी धमकी दिली, अंगावर आले, तर मात्र एक क्षणही न थांबता पोलीस ठाण्यात जा.

प्रश्न : नाशिकला आमचे स्वतःचे बैठे घर आहे. घरामागच्या मोकळ्या जागेत आई पंचवीस वर्षे कपडे आणि उन्हाळ्यात पापड-कुरडया वाळवते. शेजाऱ्यांनी आता कुंपणालगत उंच पत्रे उभे केले. ऊन येणेच बंद झाले. पंचवीस वर्षांच्या उन्हावर आमचा हक्क नाही का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : वाईट वाटते, पण मोकळ्या जागेवरच्या उन्हाचा असा हक्क मिळत नाही. वर सांगितलेल्या सुविधाधिकार अधिनियमाचे कलम १७ स्पष्ट म्हणते की मोकळ्या जमिनीवर येणाऱ्या उजेड-वाऱ्याचा हक्क दीर्घ वापराने मिळू शकत नाही. कलम १५ मधला उजेडाचा हक्क इमारतीसाठी आहे. वीस काय, पन्नास वर्षे वाळवणे घातली तरी अंगणाला तो लागू होत नाही.

पण घराकडे नीट पाहा. त्या पत्र्यांमुळे मागच्या खोलीची किंवा स्वयंपाकघराची खिडकीही झाकली गेली आहे का? ती खिडकी वीस वर्षांहून जुनी असेल आणि आता दिवसा दिवा लावल्याशिवाय काम होत नसेल, तर तुमचा दावा उभा राहू शकतो. त्यात वेळ फार मोलाचा आहे. अडथळा माहीत झाल्यावर वर्षभर निमूट सोसला तर उपभोगात खंड पडला असे धरले जाते. त्यामुळे पत्रे उभे राहिल्याची तारीख लिहून ठेवा, या आठवड्यातच लेखी हरकत घ्या आणि वकिलांना भेटा.

दुसरी वाट महापालिकेची. पत्र्यांचे बांधकाम परवानगी घेऊन केले आहे का, याची नगररचना विभागाकडे लेखी चौकशी करा. विनापरवाना असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५३ खाली नोटीस काढता येते. इथे आईच्या वाळवणाचा उल्लेखही करावा लागत नाही.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या समितीने गच्चीला कुलूप लावले. गच्चीवर कपडे घालू नयेत, बाल्कनीबाहेरही घालू नयेत, इमारतीची शोभा जाते असे म्हणतात. आमच्या वन बीएचकेत मग कपडे घालायचे कुठे?
– ज्येष्ठ नागरिक, ठाणे

उत्तर : गच्ची सर्व सभासदांची सामाईक जागा आहे. सुरक्षेसाठी वेळ ठरवणे, किल्ली वॉचमनकडे ठेवणे, टाकीजवळ दोऱ्या बांधू नका म्हणणे, हे समिती करू शकते. पण सभासदांचा वापर पूर्ण बंद करण्याचा निर्णय समितीने चार जणांत बसून घेऊ नये. तो सर्वसाधारण सभेपुढे यायला हवा आणि तिथेही तो उपविधींशी सुसंगत हवा. बाल्कनीबाहेर घालू नका हा नियम मला रास्त वाटतो. मात्र तो करणाऱ्यांनी गच्ची उघडी ठेवली पाहिजे. दोन्हीकडून कोंडी करणे अन्यायाचे आहे, विशेषतः ज्या घरात तान्हे मूल किंवा अंथरुणाला खिळलेले माणूस आहे तिथे.

समितीकडे ठरावाची प्रत लेखी मागा. बहुधा ठराव झालेलाच नसेल. मग आणखी काही सभासदांच्या सह्या घेऊन हा विषय पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत घ्यायला सांगा. अमुक वेळेत गच्ची उघडी, प्रत्येक मजल्याला दोऱ्यांची ठरलेली जागा, रात्री कपडे उतरवून न्यायचे, असा प्रस्ताव तुम्हीच लिहून द्या. तरीही कुलूप निघाले नाही तर उपनिबंधकांकडे तक्रार आणि नंतर सहकार न्यायालय.

प्रश्न : गिरगावातल्या चाळीत आम्ही जुने भाडेकरू आहोत. गॅलरीत कपडे वाळत घालता म्हणून घर खाली करायला लावीन, असे मालक म्हणतो. तसे करता येते का?
– एक वाचक, मुंबई

उत्तर : महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १६ मध्ये शेजाऱ्यांना उपद्रव किंवा त्रास देणे हे घर खाली करून घेण्याचे एक कारण आहे, त्यामुळे धमकी अगदीच निराधार नाही. पण चाळीच्या गॅलरीत आपल्या दारासमोर कपडे वाळत घालणे एवढ्याने कोणी बेघर होत नाही. उपद्रव गंभीर आणि सतत आहे हे मालकाला न्यायालयात सिद्ध करावे लागते आणि हुकूमनाम्याशिवाय तो तुम्हाला बाहेर काढू शकत नाही. गॅलरीतून जायला-यायला वाट मोकळी ठेवा, खालच्या बिऱ्हाडांवर पाणी पडू देऊ नका, भाड्याच्या पावत्या सांभाळा. मालकाची लेखी नोटीस आली तर ती घ्यायला नकार देऊ नका आणि तिला वकिलामार्फत लेखी उत्तर द्या.